चेककाका

मुंबईतून ठाण्याकडे निघालं की लालबहादूर शास्त्री मार्गावर मुलुंड चेकनाका लागतो. नाका म्हणजे एकेकाळी जकातीचा. ट्रकांच्या रांगा, पावत्या, हुज्जत, चहाच्या टपऱ्या, सगळा सरंजाम होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. नाव मात्र राहिलं. रिक्षावाल्याला आजही नुसतं 'चेकनाका' म्हटलं की पुरतं. आता तिथे कोणी काही चेक करत नाही, अशी लोकांची समजूत आहे. ती चुकीची आहे. नाक्यापासून जवळच आमची सोसायटी आहे आणि तिच्या दुसऱ्या मजल्यावर चेककाका राहतात.

दारावरच्या पाटीवर त्यांचं खरं नाव आहे, पण ते फक्त पोस्टमन वाचतो. बाकी सगळी इमारत त्यांना चेककाका म्हणते, तोंडावरही म्हणते. काकांना त्याचा राग नाही. पहिल्यांदा हे नाव कानावर आलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं होतं, "कुठल्या अर्थाने?"

प्रश्न रास्त होता. हा शब्द आपल्याकडे ज्या ज्या अर्थाने चालतो ते सगळे अर्थ काकांच्या एका देहात नांदतात. उभी हयात सरकारी हिशेबतपासणीत गेली. शर्ट घालतात ते चौकड्यांचे. साधा पांढरा शर्ट त्यांच्या अंगावर फक्त मयताला दिसतो. पैसे द्यायचे ते चेकने. वर्षातून दोनदा चेकअप, आणि रिपोर्ट आला की लॅबच्या बेरजेचा चेकअप. संध्याकाळी बुद्धिबळ. काकूंच्या खर्चावर 'थोडा चेक पाहिजे' हे मत. एक चेकोस्लोव्हाकिया तेवढा त्यांच्या कक्षेबाहेर राहिला होता. १ जानेवारी १९९३ ला तो फुटला, तेव्हा काकांनी मुलाच्या शाळेच्या नकाशावर हिरव्या शाईने मधोमध रेघ ओढली, अलीकडे 'चेक' लिहिलं, पलीकडे 'स्लोव्हाकिया' लिहिलं आणि खाली तारखेसह छोटी सही केली. भूगोलाच्या बाईंनी तो नकाशा जप्त केला.

काकांचं घराबाहेर पडणं हा बघण्यासारखा प्रकार आहे. आधी गॅस. शेगडीची बटणं, मग पाइपचा कॉक. मग नळ, कारण पाणी गेलेलं असताना उघडा राहिलेला नळ पाणी आल्यावर कळतो, आणि तेव्हा आपण दादरला असतो. मग गिझर, मग देवघरातली समई. मग दार ओढायचं, कुलूप लावायचं, ते दोन्ही हातांनी धरून खाली खेचायचं, सोडायचं, पुन्हा खेचायचं आणि शेवटी मोठ्याने म्हणायचं, "लागलं!" हे 'लागलं' काकूंसाठी असतं. काकू तोवर खाली गेटपाशी पोचलेल्या असतात. जिन्यातून आवाज येतो, "ऐकलंस का? लागलं म्हणतोय मी!"

"ऐकलं हो!"

ही नोंद पुढे कामाला येते. बस चेकनाक्याच्या सिग्नलला थांबली की काकांचा चेहरा हळूहळू बदलू लागतो, हात खिशातल्या किल्लीकडे जातो. काकू खिडकीबाहेर बघतच म्हणतात, "लागलंय. तुम्ही म्हणालात, मी ऐकलं." साक्षीदार मिळाला की प्रकरण मिटतं. पण काकूंनी एखाद्या दिवशी ऐकलं नसेल तर दोघं उतरून परत येतात. काकू आम्हाला सांगतात, "सप्तपदीला सात पावलं पुढे टाकली, ती शेवटची. त्यानंतर ह्यांच्याबरोबर जी काही चालले ती कुलूप बघायला मागेच."

बाजारातही तेच. नारळ कानाशी हलवून बघणं सगळेच करतात. काका नारळवाल्यालाही ऐकवतात आणि त्याचं मत विचारतात. दुधाच्या पिशवीवरची तारीख, औषधाच्या पट्टीवरची तारीख, नोटेतले गांधीजी उजेडाकडे धरून. लग्नपत्रिका आली की तारीख, वार आणि तिथी पंचांगाशी ताडून बघतात. एकदा तळमजल्यावरच्यांच्या मुलीच्या पत्रिकेत वार चुकलेला निघाला. पाचशे पत्रिका छापून आलेल्या होत्या, वाटायच्या होत्या. काकांमुळे वाचलं, असं मुलीच्या बापाने चारचौघांत कबूल केलं. त्या एका वारावर काकांनी पुढची कित्येक वर्षं काढली. अशा माणसाची खरी अडचण हीच असते, तो अधूनमधून बरोबर निघतो.

चेक लिहिताना काकांना बघावं. टेबल पुसतात. पेन जुन्या बिलाच्या पाठीवर चालवून बघतात. तारीख आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर, मग मोबाइलवर. मग नाव, आणि नावापुढे कागद संपेपर्यंत आडवी रेघ, कोणी पुढे काही जोडू नये म्हणून. पेपरवाल्याच्या नावापुढे कोण काय जोडणार, हे विचारायचं नाही. रुपये तीनशे सत्तर 'फक्त'. 'फक्त'पुढे आणखी एक रेघ. डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या. मग स्थळप्रत भरायची, मग मोबाइलवर फोटो, आणि एवढं झाल्यावर चेक पेपरवाल्याच्या हाती. त्यानंतर रोज सकाळी पेपर आत घेताना एकच प्रश्न, "वटला का रे?" पेपरवाला तो चेक शर्टाच्या खिशात घालून पावसात भिजवतो, विसरतो. काका त्याला बजावतात की पूर्वी सहा महिने चालायचा, १ एप्रिल २०१२ पासून रिझर्व्ह बँकेने तीनच महिने केलेत. पन्नास हजार आणि वरच्या चेकचा तपशील बँकेला आधी कळवायचा, ही 'पॉझिटिव्ह पे'ची सोय १ जानेवारी २०२१ ला सुरू झाली. काकांना ती इतकी भावली की तीनशे सत्तर रुपयांनाही ती लागू करावी, असं पत्र त्यांनी बँकेला लिहिलं. उत्तर आलेलं नाही. पोच आहे.

शेवटी पेपरवाल्याने हात जोडले, "काका, जीपे करा ना." काकांनी केलं. आधी एक रुपया पाठवला.

"आला का?"

"आला."

"कोणाच्या नावाने आला?"

"तुमच्याच."

"बरं. आता तो परत पाठव. परत येतो का बघायचंय."

काका 'चेक'च्या मुळाशी गेले ते अमेरिकेमुळे. मुलगा न्यू जर्सीत असतो. तिकडून परत निघताना विमानतळावरच्या मुलीने विचारलं, ही बॅग चेक करायची आहे का? काका म्हणाले, मी घरून दोनदा करून आणलीय, पण तुम्ही जरूर करा, आणि किल्ली पुढे केली. तिने बॅगेला हात न लावता पट्टा चिकटवला आणि सरकत्या पट्ट्यावर ढकलून दिली. काकांना तो कर्तव्यच्युतीचा प्रकार वाटला. त्याआधी हॉटेलात जेवण झाल्यावर वेटरने 'चेक?' म्हटलं, तेव्हा त्यांनी खिशातून खरंच मुलुंडच्या शाखेचं चेकबुक काढलं होतं. एका फॉर्मवर 'चेक द बॉक्स' लिहिलेलं होतं. काकांनी तो चौकोन चष्मा वर करून नीट न्याहाळला आणि शेजारी 'चेक्ड' लिहिलं. बरोबरची खूण करायला आपण टिक म्हणतो, ते चेक म्हणतात. मुलाच्या शेजाऱ्याला घरी जेवायला बोलावलं तर तो म्हणाला, 'रेन चेक' घेतो. काकांनी बाहेर बघितलं. लख्ख ऊन. मुलाने समजावलं की बेसबॉलच्या सामन्यात पाऊस आला की पुढच्या सामन्याला चालेल असा तिकिटाचा तुकडा द्यायचे, तो रेन चेक. शेजारी म्हणतोय पुन्हा कधीतरी येईन.

"मग पुन्हा कधीतरी येईन असं म्हणायला काय होतं?" काका म्हणाले. पण मनात ते अस्वस्थ झाले. एकाच खात्यावर इतक्या परस्परविरोधी नोंदी दिसल्या की हिशेबतपासनीस स्वस्थ बसू शकत नाही. मूळ व्हाउचर बघावं लागतं. मुलगा आणि सून सकाळी कामावर जायची. काका गावातल्या वाचनालयात जाऊन जाडजूड कोश मांडून बसायचे. परत आले ते वही घेऊन. हिरव्या शाईत.

मूळ व्हाउचर निघालं इराणातलं.

फारसीत शाह म्हणजे राजा. बुद्धिबळात राजा कोंडीत आला की समोरच्याने म्हणायचं, 'शाह!' म्हणजे बाबा रे, तुझा राजा सांभाळ. खेळ मूळचा इथला, चतुरंग. तो इराणात गेला, अरबांकडे त्याचं शतरंज झालं, अरबांकडून तो युरोपात उतरला आणि जाताना शाहाला बरोबर घेऊन गेला. लॅटिनमध्ये शाहाचा 'स्काकुस' झाला, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक', आणि इंग्रजांच्या दारात पोचेपर्यंत राजाचा पार 'चेक' झालेला होता. 'चेस' हे खेळाचं नावही त्याच एशेकचं अनेकवचन. पुढची साखळी काका बोटांवर सांगतात. राजावर धाव म्हणून थांबवणं. थांबवणं म्हणून आवर घालणं. आवर घालायचा तर पडताळून बघणं. पडताळायचं तर जोडीची दुसरी प्रत हवी, म्हणून त्या प्रतीलाच चेक. आपण ज्याला स्थळप्रत म्हणतो तिला अठराव्या शतकात इंग्रज चेक म्हणायचे, कारण खोटी हुंडी आली तर त्या तुकड्याशी ताडून पकडता यायची. पुढे तुकड्याचं नाव सबंध कागदाला चिकटलं. अमेरिकेतल्या बॅगेचा चेक म्हणजे बिल्ला, अर्धा बॅगेला, अर्धा आपल्याकडे. "म्हणजे ती मुलगी बरोबर होती," काका म्हणाले. "बॅग उघडायचा प्रश्नच नव्हता. पण मग तिने तसं सांगायचं."

मराठीतला 'शह' हा तोच शाह. तो खुष्कीच्या मार्गाने, फारसीतून सरळ आपल्याकडे आला. चेक मात्र युरोपला वळसा घालून साहेबाच्या बोटीतून उतरला. लहानपणी जत्रेत हरवलेल्या भावांसारखे हे दोघं महाराष्ट्रात समोरासमोर आले आणि एकमेकांना ओळखेनात. एक वर्तमानपत्रात शह-काटशहाच्या राजकारणात रमला, दुसरा बँकेत चिकटला. 'मात' ही त्यांचीच सोबतीण. शाह मात, चेकमेट. आपण परिस्थितीवर मात करतो तीही पटावरचीच.

हे सगळं काकांनी आम्हाला गच्चीवर, कोजागिरीच्या दुधाच्या वेळी सांगितलं. पाचव्या मजल्यावर एक गृहस्थ आहेत, त्यांच्या मते जगातला प्रत्येक शब्द संस्कृतातून चोरीला गेलेला आहे. ते लगेच म्हणाले, "एवढं इराणपर्यंत कशाला जायचं? चेक म्हणजे बघणं, बघायला डोळा लागतो, डोळा म्हणजे चक्षू. चक्षू, चक्, चेक. संपलं."

काकांनी दुधाचा पेला खाली ठेवला. "आधार?"

"आधार कसला? उघड आहे."

"उघड आहे हा आधार होत नाही. कोणत्या ग्रंथात, कोणत्या शतकात, कोणी वापरला?" गृहस्थ गप्प झाले. तेव्हा काकांनी उदार मनाने वहीचं पान उलटलं. शाह हा शब्द प्राचीन फारसीत 'ख्शायथिय' असा होता, आणि आपला 'क्षत्र' त्याचा नात्यातला. मूळ धातू एक, राज्य करणे. पण भाऊबंद म्हणजे बापलेक नव्हेत, हे त्यांनी दोनदा बजावलं. 'क्षत्रप'ही त्याच घराण्यातला, इराणी सुभेदार. ही पदवी लावणारा नहपान नाशिकपर्यंत येऊन बसला होता. गौतमीपुत्र सातकर्णीने त्याला हरवलं आणि त्याच्या चांदीच्या नाण्यांवर आपला ठसा मारला. नाशिकजवळ जोगळटेंभीला अशी तेरा हजारांवर नाणी सापडली, त्यातल्या बहुतेकांवर दुहेरी छाप. "जुनं नाणं बाद न करता वर तपासल्याची खूण," काका म्हणाले. आमच्या इतिहासाच्या प्राध्यापकांना हे स्पष्टीकरण मान्य होईल असं वाटत नाही, पण दूध आटत होतं.

काकांचं खरं प्रेम मात्र एक्सचेकरवर. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला अजून 'चान्सेलर ऑफ द एक्सचेकर' म्हणतात, म्हणजे शब्दशः बुद्धिबळाच्या पटाचा प्रधान. ते का, हे काका अशा थाटात सांगतात की जणू ते त्या बैठकीला नोंदी घ्यायला हजर होते. ११७७ च्या सुमारास राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने या खात्याच्या कामकाजावर लॅटिनमध्ये ग्रंथच लिहून ठेवला, गुरुशिष्यसंवादाच्या रूपात. खजिन्याच्या दालनात दहा फूट लांब, पाच फूट रुंद टेबल. कडेला चार बोटं उंचीचा काठ, सोंगट्या खाली पडू नयेत म्हणून. वर काळं कापड, त्याच्यावर वीतभर अंतराने रेघा. वर्षातून दोनदा, ईस्टरला आणि मायकलमसला, ठिकठिकाणचे शेरीफ वसुलीचा हिशेब द्यायला यायचे. मुंबईलाही शेरीफ असत, नगरपाल म्हणून, पण ते नुसते मानाचे. तिकडच्या शेरीफला टेबलाच्या पलीकडे बसवायचे. येणं किती, भरलं किती, ते सोंगट्यांनी घराघरांत मांडायचे. हजारांचा स्तंभ, शेकड्यांचा, विसांचा, मग पौंड, शिलिंग, पेन्स. रोमन आकड्यांत बेरीज म्हणजे डोकेदुखी, आणि आपलं शून्य तिथल्या दफ्तरात अजून शिरलेलं नव्हतं. रिकामं घर हेच शून्य. ज्या शेरीफला लिहितावाचता येत नसे त्यालाही किती बाकी राहिली ते समोर दिसे.

इथे काकांचा आवाज चढतो. कारण ग्रंथातला शिष्य विचारतो, याला एक्सचेकर का म्हणतात? गुरू सांगतो, एक तर हे टेबल पटासारखं दिसतं. आणि दुसरं, पटावर जशी लढाई होते तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांच्यात होते; बाकीचे बसून निवाडा करतात. "आठशे वर्षांपूर्वी!" काका म्हणतात. "ऑडिट ही लढाई आहे हे आठशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. आणि आमच्या साहेबांना वाटायचं मीच भांडकुदळ."

पैसे भरल्याची पावती म्हणजे हेझलच्या लाकडाची काठी. तिच्यावर खाचा. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीची, शंभराची अंगठ्याच्या, विसाची करंगळीच्या, एका पौंडाची पिकल्या सातूच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची, अर्धी सरकारकडे, अर्धी भरणाऱ्याकडे. पुढे वाद झाला की दोन्ही भाग जोडून बघायचे, खाच जुळली की हिशेब खरा. ही पद्धत इंग्रजांनी १८२६ साली बंद केली आणि मग साठलेल्या काठ्यांचं करायचं काय, असा प्रश्न पडला. १६ ऑक्टोबर १८३४ ला त्या लॉर्डांच्या सभागृहाखालच्या भट्टीत जाळायला घेतल्या. भट्टी अशी तापली की संध्याकाळी पार्लमेंटच पेटलं. काका हे सांगून थांबतात आणि श्रोत्यांकडे बघतात. "अभिलेख नष्ट करायची यादी कोणी तपासली होती? वर्गवारी झाली होती? अ, ब, क, ड?" कोणाकडेच उत्तर नसतं.

इंग्रजांनी चेकच्या स्पेलिंगमध्ये क्यू घुसवला तोही एक्सचेकरच्या थाटामुळे. अमेरिकेत तो चालत नाही. त्याचं काकांना एवढं वाईट वाटलं नाही. पण कोशातून त्यांच्या हाती आणखी एक गोष्ट लागली, तिने त्यांची झोप उडवली. आपल्या देशाच्या सर्वोच्च हिशेबतपासनिसाच्या इंग्रजी पदनामात 'कॉम्प्ट्रोलर' आहे. मूळ शब्द कंट्रोलर. जुन्या फ्रेंचमधला, ताडून बघायला ठेवलेल्या दुसऱ्या गुंडाळीवरून आलेला. मध्येच कोणा विद्वानाला वाटलं की याचा संबंध हिशेबाच्या 'कॉम्प्ट'शी असणार, आणि त्याने स्पेलिंग फिरवलं. चूक होती. कोणी पकडली नाही. ती शतकानुशतकं चालत आली आणि आपल्या राज्यघटनेत जाऊन बसली. "ज्याने सगळ्यांच्या चुका काढायच्या त्याच्या पाटीवरच चूक!" काका दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. काकूंच्या म्हणण्याप्रमाणे ते दोन दिवस फार चांगले गेले.

काकांना शह देणारं माणूस जगात एकच आहे, ती म्हणजे त्यांची नात. लेकीची मुलगी, ठाण्यात राहते, चौथीत आहे. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून ही बुद्धिबळाच्या क्लासला जाते. शनिवारी आजोबांशी डाव. काका प्यादं उचलतात, हातातच धरून चारी घरं बघतात, परत ठेवतात. ती म्हणते, "आजोबा, हात लावला की खेळावं लागतं."

"मी फक्त तपासत होतो."

"नियम आहे."

नियम म्हटल्यावर काकांपुढे दुसरा मार्ग नसतो. एका शनिवारी तिने उंट सरकवला आणि गप्प बसली. काकांनी आरामात हत्ती पुढे काढला. "असं नाही चालत आजोबा. तुमच्या राजाला चेक आहे." काका भडकले. शह दिलास तर सांगायचं नाही? ती म्हणाली, स्पर्धेत सांगायचं बंधन नाही, आपलं आपण बघायचं असतं. काकांनी नियम मागवून वाचले. खरंच, बंधन नाही. त्यांना धक्काच बसला. 'तुझा राजा सांभाळ' ही आरोळी हाच ज्या शब्दाचा जन्म, ती आरोळीच खेळातून उठलेली. त्या रात्री त्यांनी कुलूप नेहमीपेक्षा जास्त वेळा ओढलं.

आता सोसायटीबद्दल. कायद्याप्रमाणे आमची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. परवापरवापर्यंत काका अंतर्गत हिशेबतपासनीस होते, बिनपगारी. दरवर्षी सभेच्या आधी त्यांचा अहवाल यायचा. लिफ्टच्या देखभालीचं बिल, पाण्याच्या टँकरच्या पावत्या, गणपतीच्या वर्गणीतले उरलेले पैसे, प्रत्येक व्हाउचरवर हिरवी खूण नाहीतर आक्षेप. सभेत खजिनदार उभा राहायचा, काका चष्मा पुसायचे आणि सगळे समजायचे की आता समोसे थंड होणार. तीन खजिनदारांनी राजीनामे दिले. एकाने फ्लॅटच विकला, अर्थात त्याला इतरही कारणं होती.

शेवटी कमिटीने डाव टाकला. ज्याला अडवता येत नाही त्याला आपल्या बाजूला बसवावं, हे राजकारण आमच्या अध्यक्षांना अवगत आहे. त्यांनी खजिनदारपदासाठी काकांचंच नाव सुचवलं. टाळ्या. अनुमोदन. काका बिनविरोध. अध्यक्षांनी सुटकेचा श्वास सोडला तो जेमतेम आठवडाभर टिकला. कारण काकांनी हिशेबतपासनीस म्हणून गेल्या वर्षीच्या हिशेबावर चौदा आक्षेप काढून ठेवले होते, आणि आक्षेपांना उत्तरं द्यायची जबाबदारी आमच्याकडे खजिनदाराची असते.

काकांनी द्यायला सुरुवात केली. सोसायटीच्या फाइलमध्ये तो पत्रव्यवहार आहे. कोणीही येऊन बघावा. आक्षेप हिरव्या शाईत, खुलासा निळ्या. अक्षर एकच. आक्षेप क्रमांक ९, गच्चीच्या कुलपासाठी तेल, बाटली एक, रुपये पंचेचाळीस फक्त, दुकानाची पावती जोडलेली नाही. खाली निळ्या शाईत: 'सदर खरेदी तत्कालीन खजिनदारांनी केली असून सदर दुकानदार पावती देत नाही, सबब आक्षेप वगळण्यात यावा.' त्याखाली पुन्हा हिरव्या शाईत: 'खुलासा समाधानकारक नाही.' मग निळं स्मरणपत्र, हिरवं उत्तर. मधल्या काळात काकांनी खजिनदार म्हणून हिशेबतपासनिसाच्या भाषेबद्दल कमिटीकडे नाराजीही नोंदवली. काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, घरात दोघं भांडतात, मी तिसरी, मला काय विचारता?

बाकीचे तेरा आक्षेप मिटले. गेल्या सर्वसाधारण सभेत सचिव उठून म्हणाले, "काका, हे पंचेचाळीस रुपये मी माझ्या खिशातून भरतो. संपवा." आणि त्यांनी नोट काढून टेबलावर ठेवली. काकांनी ती उजेडाकडे धरली, गांधीजी बघितले, खाली ठेवली आणि विचारलं, "कुठल्या शीर्षाखाली जमा करू?"

आक्षेप क्रमांक ९ अजून प्रलंबित आहे.